पेंडलबरीनंतर कोण? : कॉलिंगवूड फुटबॉल क्लबच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व संचालक मंडळ,
कॉलिंगवूड फुटबॉल क्लब, मेलबर्न

विषय : ज्येष्ठ खेळाडू, राखीव फळी आणि येत्या पाच हंगामांची यादी



जानेवारी २०२६ मध्ये स्कॉट पेंडलबरीने वयाची ३८ वर्षे पूर्ण केली. त्याच महिन्यात स्टील साइडबॉटम ३५ वर्षांचा झाला. जेरेमी हाव त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठा आहे, जेमी इलियट तेव्हा ३३ वर्षांचा आणि जॅक क्रिस्प ३२ वर्षांचा होता. २०२५ च्या हंगामात हे पाचही जण कॉलिंगवूडच्या मुख्य संघाचा कणा होते. हंगामाचा बराच काळ संघ गुणतक्त्यात अव्वल राहिला, उत्तरार्धात घसरून चौथा आला. पहिल्या बाद सामन्यात त्याने ॲडलेडला त्यांच्याच मैदानावर हरवले आणि अंतिम सामन्याला एक पायरी उरली असताना ब्रिस्बेनकडून २९ गुणांनी हार पत्करली. या पाच जणांच्या पाठीमागे २३ ते २७ वयाची जी फळी भक्कम उभी असायला हवी, ती विरळ झाली आहे. ती का विरळ झाली आणि कशी भरून काढता येईल, हा या पत्राचा विषय. पाचांपैकी कोणालाही घरी पाठवा, असे त्यात सुचवलेले नाही.

पत्र खुले असल्याने, हा खेळ न पाहिलेल्या मराठी वाचकासाठी त्याची चौकट आधी मांडलेली बरी. ज्या एमसीजीवर दर डिसेंबरात बॉक्सिंग डे कसोटी भरते, त्याच लंबवर्तुळाकार मैदानावर हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळला जातो. एका संघाचे १८ खेळाडू एका वेळी मैदानात असतात. २०२५ च्या हंगामापर्यंत त्यांच्याशिवाय चार जण अदलाबदलीसाठी आणि एक बदली खेळाडू असे, म्हणजे सामन्याचा संघ २३ जणांचा. २० मिनिटांचे चार डाव, आणि वाया गेलेला वेळ वेगळा मोजला जात असल्याने प्रत्येक डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात १२-१३ किलोमीटर सहज धावतो, आणि त्या धावण्यात मध्येमध्ये पूर्ण वेगाचे झोत, उंच उड्या आणि अंगावर येणाऱ्या माणसांची धडक असते. साखळीत असे २३ सामने, पुढे बाद फेरी. क्लबच्या यादीत मात्र चाळिसापेक्षा थोडेच अधिक खेळाडू ठेवता येतात. पैसा ओतून खेळाडू विकत आणण्याची सोय या लीगमध्ये नाही. एकूण मानधनावर कमाल मर्यादा आहे. नवे खेळाडू वार्षिक ड्राफ्टमधून येतात आणि त्यात तळाच्या संघाला पहिली निवड मिळते. क्लबांमधली देवाणघेवाण खेळाडूंची आणि ड्राफ्टमधल्या निवडींची होते. २०१५ पासून पुढल्या वर्षाची निवडही देऊन टाकता येते. २०१२ पासून दीर्घ सेवा झालेल्या खेळाडूला करार संपल्यावर क्लब बदलण्याचे स्वातंत्र्य आहे. या बंधनांमुळे यादी घडायला अनेक वर्षे लागतात, आणि तिच्यातली चूक दुरुस्त व्हायलाही तितकीच.

तिशीनंतर खेळाडूच्या शरीरात काय बदलते, हे सर्वज्ञात आहे. पहिल्या दहा मीटरचा झपाटा कमी होतो, सामन्यानंतर स्नायू पूर्ववत व्हायला जास्त दिवस लागतात. हॅमस्ट्रिंग ही या खेळातली नेहमीची दुखापत आणि पोटरीचा स्नायू ही विशेषतः ज्येष्ठांची. वय आणि पूर्वीची दुखापत ही हॅमस्ट्रिंग पुन्हा जाण्याची दोन मोठी कारणे आहेत, आणि ३३ वर्षांच्या खेळाडूकडे दोन्ही असतात. हा फटका सर्व जागांना सारखा बसत नाही. किनाऱ्याने धावणारा विंगर आणि गोलसमोरचा चपळ फॉरवर्ड वेग गेला की उघडा पडतो. उंच बचावपटू आणि रकमन, म्हणजे मध्यभागी उसळवलेला चेंडू उडी मारून साथीदाराकडे टोलवणारा उंच खेळाडू, हे दोघे मुळात उशिरा पिकतात आणि उशिरापर्यंत टिकतात.

वयाबरोबर जे येते, ते पेंडलबरीकडे पाहिले की कळते. चेंडूभोवती सहा-सात जणांची झुंबड उडालेली असते. विशीतला खेळाडू डोके खाली घालून तिच्यात घुसतो. पेंडलबरी दीड-दोन पावले मागे, चेंडू जिथे बाहेर पडेल त्या जागी उभा असतो आणि हाताच्या इशाऱ्याने दुसऱ्याला तिसरीकडे हलवत असतो. चेंडू हातात आल्यावर तो क्षणभर थांबतो. अंगावर येणारा प्रतिस्पर्धी त्या थांबण्याने फसून पुढे निघून जातो, मग डाव्या पायाची किक किंवा मुठीने दिलेला छोटा पास मोकळ्या साथीदाराकडे जातो. २००६ मध्ये पदार्पण, २०१० आणि २०२३ अशी दोन विजेतेपदे, २०२४ मध्ये ४०० वा सामना. ही समज प्रशिक्षणाच्या खोलीत फळ्यावर शिकवून येत नाही; शेजारी उभे राहून पाहिल्याने थोडीफार उतरते. ल्यूक हॉज हॉथॉर्नहून २०१८ मध्ये ब्रिस्बेनला गेला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. ब्रिस्बेन आदल्या वर्षी तळाला होते. त्याच्या दोन हंगामांपैकी पहिल्यात ब्रिस्बेन १५ वे आले, दुसऱ्यात दुसरे. श्रेय एकट्या हॉजचे नव्हे, पण त्या तरुण बचावफळीला मैदानात सतत बोलत राहणारा माणूस मिळाला, हे तिच्या खेळात दिसत होते.

वयस्कर संघ जिंकू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर जिलाँगने दिलेले आहे. २४ सप्टेंबर २०२२ रोजी अंतिम सामन्यात सिडनीविरुद्ध उतरलेला जिलाँगचा संघ लीगच्या इतिहासात तोवर कोणत्याही सामन्यात उतरलेल्या संघांपैकी सर्वांत वयस्कर होता. सरासरी वय २८ च्या पुढे. तो ८१ गुणांनी जिंकला. सामन्याचा मानकरी ठरलेला आयझॅक स्मिथ ३३ वर्षांचा होता, आणि नॉर्म स्मिथ पदक मिळवणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू. कर्णधार जोएल सेलवूडने काही दिवसांतच निवृत्ती जाहीर केली: ३४ वर्षे, ३५५ सामने, चार विजेतेपदे. एवढी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि ज्येष्ठांना सांभाळणारा प्रत्येक क्लब तिचा दाखला देतो. तिचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. त्या हंगामात पॅट्रिक डेंजरफील्डसारख्या खेळाडूला वर्षाच्या मध्यावर काही आठवडे बाजूला ठेवून शरीर पुन्हा बांधू दिले गेले, आणि ते सामने संघ दुसऱ्यांच्या जोरावर जिंकला. विजेतेपदानंतर अवघ्या काही दिवसांत जिलाँगने गोल्ड कोस्टकडून जॅक बोवेस आणि त्याच्यासोबत ड्राफ्टची सातवी निवड मिळवली, कारण गोल्ड कोस्टला मानधनाचा भार हलका करायचा होता. सर्वांत वयस्कर विजेता संघ लगेचच पहिल्या फेरीतला तरुण मिळवत होता. पुढच्या वर्षी जिलाँग १२ वे आले. २०२४ मध्ये ते पुन्हा अखेरच्या चारांत आणि २०२५ मध्ये अंतिम सामन्यात होते. तोवर मॅक्स होम्स, ऑली डेम्प्सी, लॉसन हम्फ्रीज, शॅनन नील यांची फळी उभी राहिलेली होती, आणि डेंजरफील्ड तिच्यात कर्णधार म्हणून खेळत होता.

राखीव फळीची खरी किंमत सप्टेंबरातल्या बाद फेरीत कळते. लागोपाठ तीन विजेत्यांच्या अंतिम सामन्याआधी काय घडले, ते पाहावे. २०२२ मध्ये मॅक्स होम्स हॅमस्ट्रिंगमुळे अंतिम सामन्याला मुकला आणि मार्क ओकॉनर आत आला. २०२४ मध्ये ब्रिस्बेनचा पहिला रकमन ऑस्कर मॅकिनर्नी याचा खांदा आधीच्या सामन्यात निखळला. त्याच्या जागी डार्सी फोर्ट उतरला. फोर्ट वयाच्या पंचविशीत ड्राफ्ट झालेला, जिलाँगहून आलेला, बहुतेक वर्ष राखीव संघात घालवणारा खेळाडू. ब्रिस्बेन ६० गुणांनी जिंकले. त्याच हंगामात ब्रिस्बेनच्या चार खेळाडूंच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. लोगन मॉरिससारखा पहिल्याच वर्षाचा मुलगा त्या धुमश्चक्रीत संघात आला आणि तिथेच राहिला.

या तीन उदाहरणांतले मधले कॉलिंगवूडचे स्वतःचे आहे आणि ते सर्वांत बोलके आहे. २०२३ च्या अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी उंच फॉरवर्ड डॅन मॅकस्टे गुडघ्याच्या दुखापतीने बाद झाला. टेलर ॲडम्सला हॅमस्ट्रिंगने आधीच बाहेर बसवले होते. मॅकस्टेच्या जागी बिली फ्रॅम्प्टन आला. तो उंच होता, पण गोल करण्यासाठी त्याची ख्याती नव्हती, आणि कॉलिंगवूडने त्याच्याकडून गोलांची अपेक्षाही ठेवली नाही. ब्रिस्बेनचा हॅरिस अँड्र्यूज हा लीगमधला अव्वल उंच बचावपटू. प्रतिस्पर्ध्यांच्या लांब किक हवेतच अडवून तिथून उलटा हल्ला सुरू करणे हे त्याचे काम. फ्रॅम्प्टनने दिवसभर फक्त त्याला चिकटून राहायचे, त्याला मोकळी उडी घेऊ द्यायची नाही, एवढेच ठरले होते. एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर त्याने ते पार पाडले. कॉलिंगवूड चार गुणांनी जिंकले, ९० विरुद्ध ८६. क्लबचे हे १६ वे विजेतेपद. फ्रॅम्प्टनच्या नावावर त्या दिवसाचे आकडे फारसे नाहीत, पण बारा महिन्यांपूर्वी ॲडलेडहून त्याला आणणाऱ्या माणसांनी त्या आठवड्याची तयारी तेव्हाच करून ठेवली होती.

चार गुणांच्या फरकाने जिंकणाऱ्या क्लबला राखीव फळीचे महत्त्व सांगावे लागू नये. तरीही गेल्या काही वर्षांतले निर्णय एकापुढे एक मांडले की चित्र अस्वस्थ करणारे दिसते. २०२० च्या अखेरीस मानधनाची मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून ॲडम ट्रेलोर, जेडन स्टीफन्सन आणि टॉम फिलिप्स यांना एकाच देवाणघेवाणीच्या हंगामात सोडावे लागले. तिघेही तेव्हा २१ ते २७ वयाचे. त्याच वर्षी २०२१ ची पहिल्या फेरीतली निवड ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सना दिली गेली. २०२१ मध्ये कॉलिंगवूड १७ वे आले, निवड फार वर गेली आणि जायंट्सनी तिच्यातून फिन कॅलाहन घेतला. पहिल्या फेरीत घेतलेला ऑली हेन्री २०२२ च्या अखेरीस जिलाँगला गेला. जॅक जिनिव्हन विजेतेपदानंतर लगेच, वयाच्या विशीत, हॉथॉर्नला गेला. नेथन मर्फीला २०२३ च्या अंतिम सामन्यात डोक्याला मार लागला आणि पुढल्या वर्षी २४ व्या वर्षी खेळ सोडावा लागला. यात क्लबचा दोष नाही, पण त्याची जागा रिकामी झाली हे खरेच. लॅकी शुल्ट्झ आणि डॅन ह्यूस्टन यांना आणताना येणाऱ्या वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी खर्ची पडल्या. दोघेही चांगले खेळाडू आहेत, आणि प्रत्येक सौद्याला त्या वेळी कारण होते. २०२३ चा संघ पुन्हा जिंकेल हा विश्वास वावगा नव्हता. परंतु सगळे सौदे मिळून पाहिले तर आजच्या गरजेसाठी पुढची फळी सातत्याने खर्च होत गेली आहे.

या उणिवेवर आजवर पांघरूण पडले ते एका नशिबामुळे. या लीगमध्ये क्लबसाठी शंभर सामने खेळलेल्या खेळाडूच्या मुलाला त्याच क्लबला प्राधान्याने घेता येते. पीटर डेकॉसची दोन्ही मुले, जॉश आणि निक, आणि पीटर मूरचा मुलगा डार्सी मूर याच वाटेने आले. निक डेकॉस २०२१ मध्ये चौथ्या निवडीवर मिळाला आणि तेवीस वर्षांच्या आत या खेळातला सर्वोत्तमांपैकी एक झाला. असा खेळाडू घरातून मिळणे हे क्लबच्या परंपरेचे फळ आहे, पण त्यावर यादीचे नियोजन बेतता येत नाही.

दुर्लक्षाची किंमत काय असते, याचे दोन दाखले. नॉर्थ मेलबर्नने २०१४ आणि २०१५ मध्ये अखेरच्या चारांत धडक मारली. २०१५ च्या साखळीतल्या शेवटच्या सामन्यात त्यांनी संघात नऊ बदल करून ज्येष्ठांना विश्रांती दिली आणि पुढच्याच आठवड्यात ज्या रिचमंडविरुद्ध ती दिली, त्यांनाच बाद फेरीत हरवले. शरीरे सांभाळण्याचे तंत्र त्यांना नक्कीच अवगत होते. २०१६ ची सुरुवात त्यांनी सलग नऊ विजयांनी केली. पुढच्या १३ पैकी दहा सामने हरून ते आठवे आले. त्या ऑगस्टमध्ये क्लबने ब्रेंट हार्वी, ड्र्यू पेट्री, निक डाल सँटो आणि मायकेल फिरिटो या चौघांना एकदमच निरोप दिला. हार्वी ३८ वर्षांचा होता आणि त्याचे ४३२ सामने तेव्हाचा विक्रम होता. निर्णय वर्षानुवर्षे लांबला की तो असा एकगठ्ठा येतो, आणि मग जाणाऱ्यांनाही मान मिळत नाही, राहणाऱ्यांनाही आधार. २०२१ आणि २०२२ मध्ये नॉर्थ तळाला होते.

वेस्ट कोस्टची घसरण जास्त भीतिदायक आहे, आणि कॉलिंगवूडने ती जवळून पाहिलेली आहे, कारण २०१८ चा अंतिम सामना वेस्ट कोस्टने कॉलिंगवूडविरुद्धच पाच गुणांनी जिंकला. पुढच्याच वर्षी टिम केलीसाठी पहिल्या फेरीतल्या निवडी दिल्या गेल्या, विजेता संघ जवळजवळ तसाच पुढे नेला गेला. २०२२ मध्ये दोन विजय. २०२३ मध्ये तीन, आणि सिडनीत १७१ गुणांची हार. त्या वर्षाअखेरीस शॅनन हर्न, ल्यूक शूई, निक नाइटनुई एकत्रच निवृत्त झाले. ड्राफ्टची पहिली निवड मिळाली, हार्ली रीड आला. तरीही २०२५ मध्ये २३ सामन्यांत एकच विजय. एका मुलाने यादी उभी राहत नाही. अठरा वर्षांच्या पोराला रोज ज्याच्याकडे पाहून शिकावे असा २५ वर्षांचा खेळाडू शेजारी नसेल, तर त्याची वाढ खुंटते. मधल्या फळीची गरज इथे आहे: तिच्या पायांवर ज्येष्ठांचे अनुभवी डोके चालते आणि तिच्या आडोशाला नवखे वाढतात.

ब्रिस्बेनने २०२४ पाठोपाठ २०२५ मध्येही विजेतेपद घेतले, तेव्हा डेन झोर्को ३६ वर्षांचा होता आणि लॅकी नील ३२ चा. त्यांच्याभोवती विल आणि लेव्हाय ॲशक्रॉफ्ट, मॉरिस, काय लोमन होते. नील पोटरीच्या दुखापतीतून नुकता सावरत होता म्हणून अंतिम सामन्यात त्याला सुरुवातीला बाहेर ठेवून बदली खेळाडू म्हणून उतरवले. आपल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाला अंतिम सामन्यात अर्धा वेळ बसवून ठेवण्याची मुभा ज्या संघाला असते, त्याची राखीव फळी खरोखर सखोल.

पुढची वर्षे अनुकूल नाहीत. टास्मानियाचा संघ २०२८ मध्ये लीगमध्ये यायचा आहे. २०११ मध्ये गोल्ड कोस्ट आणि २०१२ मध्ये जायंट्स आले तेव्हा ड्राफ्टमधले बरेचसे उत्तम तरुण नव्या क्लबांच्या सवलतीत गेले आणि बाकीच्यांच्या वाट्याला उरलेले आले. तसेच पुन्हा होणार. कॉलिंगवूडचे ज्येष्ठ नेमके त्याच दोन-तीन वर्षांत एकामागून एक थांबतील. मध्यफळी तेव्हा शोधायला निघणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होईल.

ज्येष्ठांच्या बाबतीत सर्वांत सोपा आणि न्याय्य उपाय म्हणजे हंगामाआधीच त्यांच्या सामन्यांची संख्या ठरवणे. लांबचा विमानप्रवास, पाच-सहा दिवसांच्या अंतराने येणारे सामने, कडक उन्हातला पहिला पंधरवडा हे वेळापत्रकात आधीच दिसतात. ते सामने नेमून तरुणांना द्यावेत. दुखापत झाली म्हणून मिळालेली जागा आणि आधीपासून ठरवून दिलेली जागा यांत तरुणाच्या दृष्टीने मोठा फरक आहे: पहिलीत तो दर आठवड्याला संघनिवडीच्या धाकात असतो, दुसरीत त्याला चूक करून सुधारण्याइतका वेळ मिळतो. एकच सामना देऊन पुन्हा राखीव संघात पाठवलेला मुलगा काहीच शिकत नाही. त्याला सलग चार-पाच सामने द्यावे लागतात. त्यापायी साखळीतले एक-दोन सामने हातचे जातील. २०२४ मध्ये कॉलिंगवूड नववे येऊन बाद फेरीला थोडक्यात मुकले, तेव्हा एकेका विजयाचे मोल क्लबला चांगले ठाऊक आहे, आणि ही किंमत खरीच मोठी आहे. तरीही ती आज चुकवली तर स्वस्त पडेल.

संचालक मंडळाला विनंती इतकीच. टास्मानिया लीगमध्ये येईपर्यंत पहिल्या फेरीतली एकही निवड देऊ नये, समोर कितीही मोठे नाव असले तरी. पेंडलबरी, साइडबॉटम, हाव यांच्याशी त्यांच्या शेवटच्या हंगामाविषयी आणि त्यानंतर क्लबमध्ये ते काय काम करतील याविषयी आत्ताच, उघडपणे बोलावे, म्हणजे चौघा-पाचांना एका आठवड्यात निरोप देण्याची वेळ येणार नाही. आणि २३ वर्षांखालच्या खेळाडूंना किती सामने द्यायचे हे हंगाम सुरू होण्याआधी ठरवून सभासदांना लेखी कळवावे. सभासद एक-दोन पराभव सहन करतील. आधी सांगितले, तर नक्कीच करतील.

कळावे.

कॉलिंगवूडचा एक पाठीराखा